फसली सनाचा कागद

कोरपन्याहून माणिकगडच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर गोंडांचा एक गुडा आहे. काही वर्षांपूर्वी तेथील एका वृद्ध गृहस्थांनी मला घरात बोलाविले, कोपऱ्यातील पत्र्याची पेटी उघडली आणि लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला एक कागद माझ्यासमोर धरला. घड्यांवर तो फाटला होता. एका कोपऱ्यात पुसट झालेली मोहोर होती आणि मजकूर सारा उर्दूत होता.

"पाहा बरं जी फादर, तुमाले वाचता येते का?" त्यांनी विचारले.

मला वाचता आले नाही. सेमिनरीत आम्हांला लॅटिन शिकविले गेले, ग्रीकची तोंडओळख झाली, हिब्रूची मुळाक्षरेही आम्ही गिरविली. परंतु ज्या मुलखात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवावयाची होती, त्या मुलखाचे दप्तर ज्या लिपीत पिढ्यान् पिढ्या लिहिले गेले ती लिपी शिकावी असे कोणी सुचविले नाही आणि मलाही कधी सुचले नाही. अखेर गडचांदूरच्या एका वयोवृद्ध मौलवीसाहेबांनी तो कागद भिंगाखाली धरून वाचून दिला. तो जमिनीचा पट्टा होता. पट्टेदार म्हणून त्या गृहस्थांच्या वडिलांचे नाव होते, जमीन सरकारी परवानगीवाचून विकता येणार नाही अशी अट होती आणि सन होता १३५७ फसली. फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन निघतो. म्हणजे हा कागद १९४७-४८ सालचा, निजामाच्या राज्याच्या अखेरच्या वर्षातला.

आज त्या जमिनीतील निम्म्याहून अधिक शेत दुसऱ्याच्या वहितीत आहे. हे कसे घडले याचा शोध घेताना मला कोरपना-राजुऱ्याच्या लोकवस्तीचा इतिहासच उलगडावा लागला. तो कोणत्याही एका पुस्तकात सलग सापडत नाही. जो हाती आला तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

कोरपना तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा आहे, ईशान्येला वर्धा, दक्षिणेला माणिकगडचे डोंगर आणि त्यांच्या पलीकडे तेलंगण. नद्यांकाठची जमीन काळी, कापसाची. दक्षिणेकडे चढत जावे तसतशी ती मुरमाड होत जाते आणि पुढे सागाचे जंगल लागते. हा मुलूख मूळचा चांद्याच्या गोंड राजांच्या छायेतला. १७५१ मध्ये ते राज्य नागपूरकर भोसल्यांच्या घशात गेले. पण या भागाची खरी फाळणी झाली ती येथून दूर, वऱ्हाडात झालेल्या एका युद्धाने. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या मैदानात दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या फौजेचा वेलस्लीने पराभव केला. पंधरवड्यात गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्या तहान्वये वर्धा नदी ही भोसल्यांच्या राज्याची पश्चिम सरहद्द ठरली आणि नदीपलीकडचा मुलूख निजामाच्या वाट्याला गेला. अडगावला कोरपन्याचा कोणी माणूस लढला असेल असे वाटत नाही. तरीही त्या एका कलमाने येथील माणसाचा राजा, त्याच्या सारावसुलीची लिपी आणि त्याच्या फिर्यादीची कचेरी ही सारी बदलली, आणि ती बदललेलीच राहिली १९५६ पर्यंत, म्हणजे १५३ वर्षे.

पुढे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, तेव्हा उत्तरेची पैनगंगाही सरहद्द झाली. पलीकडची वणी वऱ्हाडात, वर्धेपलीकडचे चांदा मध्य प्रांतात, आणि मध्ये कोपऱ्यात निजामाच्या अदिलाबाद जिल्ह्याचा राजुरा तालुका, ज्यात कोरपना हे एक खेडे. सरहद्दीवर राहणाऱ्या माणसाला नदी हा दरवाजा वाटतो. अलीकडे सावकाराचा तगादा वाढला की तो पलीकडे जातो. पलीकडे जंगल बंद झाले की अलीकडे येतो. कोलाम आणि गोंड यांच्या सोयरिकी दोन्ही तीरांवर होत्या आणि आजही आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र हा दरवाजा एका बाजूने जास्त उघडला. कापसाला भाव आला, रेल्वे आली, आणि काळ्या जमिनीवर पट्टा घेऊन बसणारे कुणबी, तेलुगू शेतकरी, व्यापारी व देशमुख या भागात आले. त्यांच्याजवळ कागद होता. गोंडांजवळ नव्हता, कारण त्यांच्या शेतीची रीतच निराळी होती. चार-सहा वर्षे जमीन कसावी, तिचा कस गेला की तिला विश्रांती देऊन दुसरीकडे वळावे. महसूल खात्याच्या भाषेत ही 'सिवाय जमाबंदी', म्हणजे नोंदीबाहेरची लागवड. विश्रांतीला टाकलेली जमीन दप्तरात पडीक दिसे आणि पडीक जमीन मागणाऱ्याला मिळे. त्याच काळात निजामाच्या जंगल खात्याने राखीव जंगलाच्या रेषा आखल्या. डोंगरमाथ्यावरच्या कोलामांच्या वस्त्या त्या रेषांच्या आत सापडल्या आणि उठविल्या गेल्या.

याच दुःखातून १९४० चा कोमरम भीमचा उठाव झाला. आसिफाबादजवळच्या या गोंड तरुणाने जल, जंगल, जमीन यांसाठी शस्त्र उचलले आणि जोडेघाटच्या डोंगरात तो निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. माणिकगडच्या गुड्यांतून त्याची गाणी अजून ऐकू येतात. तो काही काळ चांद्याकडे येऊन राहिला होता असेही लोक सांगतात. सरहद्दीवरील माणसांना वीरही दोन्ही तीरांचे हवे असतात.

उठावानंतर गोंड का चिडले याची चौकशी निजाम सरकारने एका विलक्षण माणसाकडे सोपविली. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते हिंदुस्थानात होते आणि त्यांच्याजवळ जर्मन पारपत्र होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याचे बंधन पडले. युरोपातील युद्धाने कैदेसारखा अडकवून ठेवलेला हा विद्वान अदिलाबादच्या मारलवाई गावी पत्नी बेट्टी यांच्यासह गोंडांमध्ये झोपडी बांधून राहिला, त्यांची भाषा शिकला आणि सरकारला त्याने स्पष्ट शब्दांत कळविले की या लोकांना जमिनीचा कागद दिल्यावाचून शांतता नांदणार नाही. १९४५ साली 'ट्रायबल हैदराबाद' या नावाने त्यांचे अहवाल प्रसिद्ध झाले. गोंडीतून शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी मारलवाईला वर्ग निघाला, आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र नियम झाले आणि हजारो गोंड-कोलाम कुटुंबांना पट्टे मिळाले. माझ्या हाती आला तो त्यांतलाच एक. निजामाच्या राज्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात या पट्ट्यांचा उल्लेख क्वचित असतो. रझाकारांचा जुलूम खराच. पण त्याच राज्याच्या अखेरच्या पाच-सात वर्षांत हे एक न्याय्य काम झाले, हेही नोंदवावयास हवे.

त्यानंतर १९४८ उजाडले. हैदराबाद भारतात विलीन होण्यास राजी नव्हते. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे कराराने वेळ तेवढा निघाला. कासीम रझवीच्या रझाकारांनी सरहद्दीवरील गावांत धुमाकूळ घातला आणि त्या वर्षभरात दुहेरी वाहतूक सुरू झाली. संस्थानातील हिंदू कुटुंबे वऱ्हाडात व मध्य प्रांतात आश्रयाला जात होती, तर त्या प्रांतांतील अनेक मुसलमान कुटुंबे निजामाच्या हद्दीत येत होती. आमच्या भागातील वडीलधारी मंडळी सांगतात की, रात्री बैलगाड्या जुंपून माणसे पैनगंगा उतरून वणीकडे व वर्धा उतरून चांद्याकडे जात. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली. तो दिवस राजुऱ्यात आजही मुक्तिदिन म्हणून साजरा होतो, आणि ते योग्यच आहे.

या विजयाला एक काळी किनारही होती. नंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात व कर्नाटकाच्या भागात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत मोठी झळ पोहोचली असे तिने नमूद केले. तो अहवाल कित्येक दशके कपाटातच राहिला. अदिलाबादचे नाव त्या चार जिल्ह्यांत नाही. आमच्याकडे वर्धा उतरून गेलेले बहुतेक परतले आणि घरांची दारे पुन्हा उघडली. युद्धानंतर लोकवस्ती बदलते म्हणजे काय, याचे युरोपातील चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. १९२३ च्या लोझान करारानंतर ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी माणसांची अदलाबदल केली, १९४५ नंतर पूर्वेकडील लक्षावधी जर्मन हाकलले गेले. तसे काही राजुऱ्यात झाले नाही. म्हणूनच इतिहासकारांनी या तालुक्याकडे लक्ष दिले नसावे. येथील बदल फौजेमागून सावकाश आला, आणि तो दप्तरातून आला.

गुड्यातील एका माणसाने ओसरीवरून न उठता किती राज्ये पाहिली ते पाहा. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजाम. मग मेजर जनरल चौधरींचा लष्करी अंमल. १९५० पासून हैदराबाद राज्य. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने राजुरा तालुका अदिलाबादपासून तुटला आणि मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आला. १९५९ मध्ये तो नांदेडमधून काढून चांदा जिल्ह्यास जोडला गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. अदिलाबादहून नांदेडला व नांदेडहून चांद्याला दप्तराचे गठ्ठे फिरले. उर्दू जाणणारे पटवारी व गिरदावर निवृत्त झाले किंवा हैदराबादकडे गेले. नव्या तलाठ्याने नवे सात-बारा मराठीत लिहिले. ज्याचा पट्टा त्याला वाचता आला त्याची नोंद झाली. जो वाचता आला नाही त्याचे काय झाले, हे गुड्यांवर विचारावे. मी मराठी भाषेचा अभिमानी आहे आणि राजुरा महाराष्ट्रात आला याचा मला आनंदच आहे. पण भाषावार प्रांतरचनेचा विचार करताना आपण मराठी आणि तेलुगू एवढ्या दोनच भाषा मोजल्या. गोंडी व कोलामी बोलणाऱ्यांना रेषा कोठून जावी हे कोणी विचारले नाही.

आणखी एक गोष्ट घडली. रेषेपलीकडे आंध्र प्रदेशाने १९५९ व १९७० च्या विनियमांनी आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर बंधने कडक केली. आपल्याकडे गेलेली जमीन परत देण्याचा कायदा झाला तो १९७४ साली. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात झालेली हस्तांतरणे त्याच्या कक्षेत येतात. सतरा वर्षांत काय होऊन गेले याची कबुलीच त्या दोन तारखांत आहे. आमच्या वृद्ध गृहस्थांच्या वडिलांनी याच काळात एका सावकाराकडून लग्नासाठी पैसे घेतले, शेत बटईने दिले आणि बटईचे शेत कधी सावकाराचे झाले ते त्यांना कळले नाही. परवानगीवाचून विकू नये ही अट उर्दूत होती.

यानंतर आला १९७२ चा दुष्काळ. त्याच्या आधीपासूनच नांदेड-परभणीकडची माणसे माणिकगडच्या डोंगरात येऊ लागली होती. दुष्काळाने त्यांचा लोंढा झाला. बंजारा, मातंग, बौद्ध, मराठा. बहुतेक भूमिहीन किंवा दोन-चार एकर कोरडवाहू जमिनीचे धनी. ही माणसे इतक्या दूर येथेच का आली? माझ्या मते याचे उत्तरही जुन्या सरहद्दीतच आहे. मराठवाड्याच्या माणसाला हा मुलूख परका नव्हता. त्याच्या बापाने आणि कोलामाच्या बापाने एकाच सरकारला सारा भरला होता. नांदेडच्या कचेरीत तीन वर्षे राजुऱ्याचे दप्तर होते. डोंगरात पाणी होते, जंगल होते आणि विचारणारे कोणी नव्हते. गुड्याशेजारी तांडे वसले, तांड्यांची गावे झाली. राजुऱ्यातून पुढे कोरपना व जिवती हे तालुके वेगळे निघाले. आज जिवतीच्या बाजारात उभे राहिले तर कानावर नांदेडकडची मराठी आणि गोरमाटी पडते. गोंडी ऐकावयाची तर बाजाराच्या कडेला, मोहफुले घेऊन बसलेल्या बायांजवळ जावे लागते.

याच डोंगरात महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यामधील ती प्रसिद्ध बारा-चौदा गावे आहेत, ज्यांवर दोन्ही राज्ये हक्क सांगत आली. गावकऱ्यांजवळ दोन शिधापत्रिका, दोन मतदारयाद्यांत नावे, एका गावात दोन शाळा. वर्तमानपत्रे याची गंमत म्हणून बातमी करतात. पण १९७६ साली तेलंगणातील लंबाडा समाज अनुसूचित जमातींत आला आणि महाराष्ट्रातील त्याच रक्ताचा बंजारा विमुक्त जातींतच राहिला, तेव्हा ती गंमत राहिली नाही. डोंगराच्या एका उतारावर जो आदिवासी, तो दुसऱ्या उतारावर आदिवासी नाही. साहजिकच अनेक कुटुंबे पलीकडे सरकली आणि तिकडच्या गोंडांना आपल्या सवलतीत वाटेकरी वाढल्याचे दिसले. २०१७ साली अदिलाबाद भागात गोंड व लंबाडा यांच्यात जो उघड संघर्ष पेटला त्याची ठिणगी अशी जुनी आहे.

सिमेंटच्या कारखान्यांविषयी थोडक्यातच सांगतो. काळ्या मातीखाली चुनखडक निघाला आणि १९८० च्या दशकापासून गडचांदूर, आवारपूर येथे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांच्याबरोबर बिहार, आंध्र, केरळ येथून कामगार व अधिकारी आले. माझ्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत मल्याळी आडनावे अधिक दिसतात ती यामुळेच. धर्मप्रांताच्या नकाशात मात्र जुना भूगोल बराच काळ टिकून होता. अदिलाबाद हे चांदा धर्मप्रांताचाच भाग होते आणि १९९९ साली ते स्वतंत्र झाले. सरकारने १९५६ मध्ये जी रेषा ओढली ती चर्चने त्रेचाळीस वर्षांनी ओढली.

जुन्या चांदा जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हणजे २६ ऑगस्ट १९८२ पासूनच्या गडचिरोलीत, युद्ध व फाळणी यांनी आणलेली लोकवस्ती अगदी निराळ्या रीतीने आली. पूर्व पाकिस्तानातील १९६४ च्या दंगलींनंतर आलेले बंगाली निर्वासित रायपूरजवळच्या माना छावणीतून चामोर्शी-मुलचेरा भागात वसविले गेले. त्यांना सरकारने स्वतः आणले, जमीन दिली, गावे आखून दिली. त्यांचे दुःख मोठे होते आणि नागरिकत्वाच्या कागदांसाठी त्यांतील अनेकांना पुढे वणवण करावी लागली. तरी निदान त्यांच्या येण्याची नोंद आहे. कोरपना-जिवतीत जे आले त्यांना कोणी आणले नाही, आणि ज्यांच्या शेजारी ते आले त्यांची कोणी मोजदाद केली नाही. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत अनुसूचित जमाती ३८ टक्क्यांहून अधिक आणि चंद्रपूर जिल्ह्यात सुमारे १७ टक्के होत्या. ज्यांच्या राजांनी चांद्याचा परकोट बांधला, त्यांचा आज त्या जिल्ह्यात सहामागे एक वाटा आहे.

त्या वृद्ध गृहस्थांना मी एकदा विचारले होते, "बाबा, तुम्ही कधी गाव सोडून गेला होता का? रझाकारांच्या वेळी?"

"मी तवा पोटात होतो म्हणते माय," ते हसून म्हणाले. "आमी इथंच होतो जी. बाकीचे आले."

हे 'बाकीचे' म्हटले की राग येतो, बोट दाखवावेसे वाटते. म्हणून त्या शेताच्या आजच्या वहिवाटदाराविषयीही सांगितले पाहिजे. त्याचे आजोबा दुष्काळात नांदेडकडून आले. सावकाराकडून त्यांनी ते शेत मजुरीतून साठविलेल्या पैशांनी घेतले. त्यावर कोणाचा पट्टा होता हे त्यांना ठाऊक नव्हते. शेताच्या वरच्या अंगाला जंगलाचा एक तुकडाही हे कुटुंब तीन पिढ्या कसते. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखविणे पुरते. बिगर-आदिवासीला त्या तारखेपूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागते. १९३० साली हे कुटुंब मराठवाड्यात दुसऱ्याची गुरे राखीत होते. त्याचा दावा एकदा फेटाळला गेला आहे. एका घरात कागद आहे पण जमीन नाही, दुसऱ्या घरात जमीन आहे पण कागद नाही, आणि दोन्ही घरांची मुले एकाच बसने गडचांदूरच्या शाळेत जातात.

पट्ट्याचे मराठी भाषांतर करून घ्यावे असे एका कचेरीत आम्हांला सांगण्यात आले. मौलवीसाहेबांनी केलेले भाषांतर अधिकृत नाही म्हणून चालले नाही. अधिकृत भाषांतरकार मिळावयास आठ महिने लागले. तोवर मौलवीसाहेब वारले. सुनावणीच्या दिवशी त्या वृद्ध गृहस्थांना तालुक्याला नेण्यासाठी मी जीप घेऊन गुड्यावर पोहोचलो तेव्हा ते निघून गेले होते. शेजाऱ्याची सुनावणीही त्याच दिवशी होती. त्याने त्यांना आपल्या मोटारसायकलवर बसवून नेले होते. कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली दोघे शेजारी बसलेले मला दिसले. कागदाची पिशवी म्हाताऱ्याच्या मांडीवर होती. दुपारी तीनच्या सुमारास दोघांनाही पुढची तारीख मिळाली.